शितावरून स्लॅबची परीक्षा

भात शिजला की नाही हे पाहण्यासाठी कोणी सगळे पातेले संपवून पाहत नाही. पळीने वरखाली ढवळायचे आणि दोन शिते बोटांत दाबायची, की काम भागते. दाबलेली शिते वाया जातात खरी, पण त्यांच्या जिवावर पातेलेभर भाताविषयी खात्रीने बोलता येते. ‘शितावरून भाताची परीक्षा’ ही म्हण तुम्ही वाक्यात उपयोग करण्यासाठी पुष्कळदा लिहिली असेल. आज आपण ती एका वेगळ्याच ठिकाणी लावून पाहणार आहोत.

तुमच्या वर्गाच्या छपराकडे एकदा वर मान करून पाहा. ते कौलारू किंवा पत्र्याचे नसेल, तर तो काँक्रीटचा स्लॅब असेल. समजा, वर्ग ८ मीटर लांब आणि ६ मीटर रुंद आहे आणि स्लॅब १२ सेंटिमीटर जाड आहे. सळया घातलेल्या काँक्रीटचे वजन घनमीटरला सुमारे २,५०० किलोग्रॅम असते. आता गुणाकार करा. उत्तर येईल १४,४०० किलोग्रॅम! चौदा टनांहून अधिक वजन तुमच्या डोक्यावर आहे आणि तुम्ही त्याच्याखाली निर्धास्त बसून गणिते सोडवता. तो स्लॅब पडणार नाही, हे कोणी ठरवले आणि कशावरून?

स्लॅब किती भार पेलेल हे पाहण्याचा अगदी खात्रीचा मार्ग म्हणजे तो मोडेपर्यंत त्यावर वजन ठेवत जाणे. पण मग स्लॅबच उरणार नाही. म्हणून स्थापत्य अभियंता तेच करतो, जे स्वयंपाकघरात रोज केले जाते. तो पातेल्यातले शित काढतो आणि दाबून पाहतो.

डोळ्यांना जे दिसत नाही

एक खडू घ्या. दोन्ही टोके चिमटीत धरून तो लांबीच्या दिशेने दाबून पाहा. सहजासहजी काही होत नाही. आता तोच खडू दोन्ही हातांनी वाकवा. कट् आवाज होऊन त्याचे दोन तुकडे होतात. खडू तोच, हातही तेच. पण दाब सोसण्याची त्याची ताकद वेगळी आणि ताण सोसण्याची वेगळी. वाकवताना खडूच्या एका बाजूवर ताण पडतो आणि तेथूनच तो फाटत जातो. काँक्रीटचेही असेच आहे. ते दाबाला जितके खंबीर, तितके ताणाला नाही. त्याची ताण सोसण्याची ताकद दाबाच्या मानाने साधारण दहाव्या हिश्शाइतकीच भरते. म्हणून जेथे ताण पडणार तेथे पोलादी सळया घालतात.

यातले काहीही खडूकडे नुसते पाहून कळले नसते. ताकद डोळ्यांना दिसत नाही. दोन विटा सारख्याच लाल दिसतात, दोन सळया सारख्याच चकाकतात, सिमेंटची दोन पोती सारखीच करडी असतात. त्यांतली कोणती संकटात साथ देईल, हे त्या वस्तूला संकटात टाकल्याशिवाय समजत नाही. सामग्री तपासण्याची प्रयोगशाळा म्हणजे अशी संकटे मोजून-मापून निर्माण करण्याची जागा.

पुलानंतर झालेली परीक्षा

ही गोष्ट माणसाला फार महाग पडून कळली आहे. स्कॉटलंडमध्ये टे नावाच्या नदीमुखावर १८७८ साली एक लांबलचक रेल्वे पूल सुरू झाला. त्याचे खांब ओतीव लोखंडाचे होते आणि ते आडव्यातिडव्या पट्ट्यांनी एकमेकांना बांधलेले होते. २८ डिसेंबर १८७९ च्या रात्री मोठे वादळ सुटले. आगगाडी पुलावर असतानाच मधला भाग नदीत कोसळला. गाडीतला एकही माणूस वाचला नाही.

चौकशी सुरू झाली तेव्हा पुलाचे काही अवशेष लंडनला डेव्हिड किरकाल्डी यांच्याकडे पाठवण्यात आले. किरकाल्डी यांनी १८६६ साली लंडनमध्ये सामग्री तपासण्याचा कारखानाच काढला होता. त्यांचे पाण्याच्या दाबावर चालणारे यंत्र १४ मीटरांहून लांब होते. जाडजूड लोखंडी भाग त्यात धरून ओढता, दाबता किंवा वाकवता येत. ‘मते नकोत, वस्तुस्थिती हवी’ अशा अर्थाचे ब्रीदवाक्य त्यांच्या इमारतीच्या दारावर कोरलेले आहे. त्या यंत्रात पुलाच्या खांबांवरचे ओतीव कान तपासले गेले. पट्ट्या याच कानांना जोडलेल्या होत्या. ते कान सुमारे ६० टन ओढ सोसतील अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात ते २० टनांच्या आसपासच तुटले!

मित्रांनो, या गोष्टीतला सल कोठे आहे ते पाहा. यंत्र होते, ते चालवणारा जाणकार माणूस होता, आणि पूल बांधायला सुरुवात झाली त्याच्या आधीपासून ते दोन्ही होते. परीक्षा झाली, पण पूल पडल्यावर झाली. तोच कान आधी मोडून पाहिला असता, तर एक लोखंडाचा तुकडा वाया गेला असता, इतकेच.

पातेल्यात काय शिजते?

आता काँक्रीटकडे वळू. काँक्रीटच्या पातेल्यात चार जिन्नस असतात: सिमेंट, वाळू, खडी आणि पाणी. प्रत्येकाची परीक्षा वेगळी.

सिमेंटची पहिली परीक्षा घड्याळाची. पाण्यात कालवलेले सिमेंट केव्हा आळू लागते हे पाहण्यासाठी त्यात एक बारीक सुई ठरावीक वजनाने रुतवून पाहतात. हे उपकरण विकाट या फ्रेंच अभियंत्याच्या नावाने ओळखले जाते. नेहमीचे सिमेंट ३० मिनिटांच्या आत आळता कामा नये, कारण कालवलेला माल घमेल्यांतून वर नेऊन पसरायला वेळ लागतो. उलट ६०० मिनिटे, म्हणजे १० तास झाले तरी ते पुरते आळले नाही, तर तेही चालत नाही.

दुसरी परीक्षा ताकदीची. एक भाग सिमेंट आणि तीन भाग वाळू यांचे छोटे घन पाडून ते ३, ७ आणि २८ दिवसांनी दाबून फोडतात. पोत्यावर ‘४३’ किंवा ‘५३’ हा आकडा छापलेला तुम्ही पाहिला असेल. २८ दिवसांनंतर त्या घनाने दर चौरस मिलिमीटरला निदान तेवढ्या न्यूटनांचा दाब सोसला पाहिजे, असा त्याचा अर्थ. यात एक गंमत आहे. परीक्षा सिमेंटची, पण घनात वाळूही असते. नागपूरच्या प्रयोगशाळेने एक वाळू वापरली आणि कोल्हापूरच्या प्रयोगशाळेने दुसरी, तर आकड्यांतला फरक सिमेंटचा की वाळूचा, हे कसे कळणार? म्हणून या परीक्षेसाठी सगळ्या भारतात एकाच ठिकाणची वाळू प्रमाण मानली जाते. ती तामिळनाडूत चेन्नईजवळच्या एन्नोरची. निकालांची तुलना करायची, तर ज्याची परीक्षा घ्यायची ती गोष्ट सोडून बाकी सगळे सारखे ठेवावे लागते. विज्ञानातल्या प्रत्येक प्रयोगाचा हा पहिला धडा आहे.

खडीची परीक्षा ठोकून घेतात. महाराष्ट्राच्या बहुतेक भागात खडी काळ्या बसाल्ट खडकाची असते. ठरावीक आकाराची खडी पोलादी भांड्यात भरून तिच्यावर सुमारे १४ किलोग्रॅमचा घण ३८ सेंटिमीटर उंचीवरून १५ वेळा सोडतात. मग सगळी खडी बारीक चाळणीतून चाळतात. जितका चुरा जास्त पडेल, तितकी खडी कच्ची. रस्त्याच्या वरच्या थरासाठी ती हवी असेल, तर शंभर ग्रॅममागे ३० ग्रॅमपेक्षा जास्त चुरा चालत नाही.

वाळूची परीक्षा चाळण्यांची. पिठाच्या चाळणीपासून धान्याच्या चाळणीपर्यंत, अशा लहानमोठ्या भोकांच्या चाळण्या एकीखाली एक रचून वाळू चाळतात आणि प्रत्येकीवर किती उरली याचे वजन करतात. वाळू सगळी एकाच आकाराची असणे बरे नसते. मोठ्या कणांच्या मधल्या फटी मध्यम कणांनी भराव्या लागतात आणि त्यांच्यामधल्या फटी बारीक कणांनी. डब्यात लिंबे भरली, तर मधल्या जागेत शेंगदाणे मावतात आणि शेंगदाण्यांच्या मधल्या जागेत मोहरी, तसेच हे. उरलेली जागा सिमेंटच्या लगद्याने भरायची. फटी जितक्या कमी, तितके सिमेंट कमी लागते आणि काँक्रीट अधिक घट्ट होते.

पाण्याचा मोह

चौथा जिन्नस पाणी. तो सर्वांत स्वस्त आणि म्हणूनच सर्वांत घातक!

काँक्रीट वाळून घट्ट होते अशी पुष्कळांची समजूत असते. ती चुकीची आहे. काँक्रीट वाळत नाही, ते पिकते म्हणा हवे तर. सिमेंटमधील कॅल्शियमच्या सिलिकेटांची पाण्याशी रासायनिक क्रिया होते, तिच्यातून नवे चिवट संयुग तयार होते आणि तेच वाळूखडीला जखडून ठेवते. म्हणूनच काँक्रीट पाण्याखालीसुद्धा घट्ट होते आणि स्लॅब घातल्यावर त्यावर निदान ७ दिवस, आणि हवा कोरडी व उष्ण असेल तर १० दिवस, पाणी मारावे लागते. स्लॅबवर छोटे बांध घालून पाणी साठवलेले तुम्ही पाहिले असेल. ते याच कारणासाठी.

मग आधीच भरपूर पाणी ओतले तर? येथेच चूक होते. या क्रियेला सिमेंटच्या वजनाच्या साधारण ४० टक्क्यांपर्यंतच पाणी लागते. त्याहून जास्त पाणी मालात नुसतेच जागा अडवून बसते आणि पुढे उडून गेले की तेथे सूक्ष्म पोकळ्या राहतात. पोकळ्या वाढल्या की ताकद घटते. पाणी आणि सिमेंट यांच्या प्रमाणावर काँक्रीटची ताकद ठरते, हा नियम अमेरिकेत डफ एब्रॅम्स यांनी शिकागो येथे असंख्य नमुने तपासून १९१८ साली मांडला.

पण पातळ माल पसरायला सोपा असतो. उन्हात घमेली वाहणाऱ्या माणसाला अजून अर्धी बादली पाणी ओतावेसे वाटले, तर नवल नाही. या मोहाला आळा घालण्यासाठी जागेवरच करायची एक साधी परीक्षा आहे. ३० सेंटिमीटर उंचीचा, खाली रुंद आणि वर अरुंद असा पत्र्याचा एक साचा असतो. त्यात ओला माल थराथराने ठासून भरायचा आणि साचा अलगद सरळ वर उचलायचा. आधार गेल्यावर मालाचा ढीग खाली बसतो. किती बसला ते पट्टीने मोजायचे. याला ‘स्लंप’ म्हणतात. दाट सळयांच्या कामात ५० ते १०० मिलिमीटर बसला तर सर्वसाधारणपणे ठीक. ढीग पार लोळण घेत पसरला, तर पाण्याच्या बादलीकडे संशयाने पाहायला हरकत नाही. दोन मिनिटांत होणारी ही परीक्षा माल स्लॅबवर जाण्याआधीच बोलते, हे तिचे मोठेपण.

घनाची गोष्ट

आता खरे शित काढू. स्लॅब घालणे चालू असतानाच त्यातला थोडा माल काढून घेतात. १५ सेंटिमीटर बाजू असलेल्या लोखंडी साच्यांत तो तीन थरांत भरतात आणि प्रत्येक थराला सळईने निदान ३५ टोले देतात, म्हणजे आत हवा अडकून राहत नाही. वर नाव, तारीख आणि जागेची खूण घालतात. २४ तासांनी साचा सोडवून घन पाण्याच्या टाकीत ठेवतात. टाकीचे तापमान २७ अंश सेल्सियसच्या आसपास राखलेले असते.

मग वाट पाहायची. सातव्या दिवशी काही घन फोडतात. तोपर्यंत साधारणतः दोन तृतीयांश ताकद आलेली असते, त्यामुळे पुढचा अंदाज येतो. शेवटची परीक्षा २८ व्या दिवशी. २८ च का? काँक्रीटची ताकद त्यानंतरही वाढत असते, पण फार सावकाश. शिवाय २८ ला ७ ने नि:शेष भाग जातो. बुधवारी पाडलेला घन बुधवारीच फोडायला येतो, रविवारची सुट्टी मध्ये येत नाही!

घन टाकीतून काढून ओला असतानाच यंत्राच्या दोन पोलादी पाट्यांमध्ये ठेवतात. भरताना वर असलेली बाजू खडबडीत असते, म्हणून ती बाजूला करतात आणि साच्याला टेकलेल्या दोन गुळगुळीत बाजूंवर दाब देतात. दाब एकदम द्यायचा नाही. दर मिनिटाला, दर चौरस मिलिमीटरमागे १४ न्यूटन या वेगाने तो वाढवत न्यायचा. भराभर दाबले, तर आकडा उगाच मोठा येतो. यंत्राचा काटा चढत जातो, घनाच्या कडांवर बारीक तडे उमटतात, कोपऱ्यांतून ढलप्या सुटतात आणि काटा मागे येऊ लागतो. तो जेथून मागे फिरला, तो आकडा लिहून घ्यायचा.

आता थोडे गणित. घनाची बाजू १५० मिलिमीटर, म्हणजे दाब पडणारे क्षेत्र १५० × १५० = २२,५०० चौरस मिलिमीटर. ‘एम-२०’ प्रतीच्या काँक्रीटकडून चौरस मिलिमीटरला २० न्यूटनांची अपेक्षा असते. म्हणजे घनावर एकूण ४,५०,००० न्यूटन, किंवा सुमारे ४६ टन. दोन वीत उंचीही नसलेल्या त्या ठोकळ्यावर दहाएक हत्ती उभे राहिले, तर तो टिकला पाहिजे!

एकाच घनावर विसंबायचे नाही. एका नमुन्याचे तीन घन फोडून त्यांची सरासरी घेतात. समजा, ते ५९०, ५६० आणि ५७८ किलोन्यूटनांना फुटले. प्रत्येकाला २२.५ ने भागा. उत्तरे येतात २६.२, २४.९ आणि २५.७. सरासरी २५.६. निकाल चांगला. आता दुसऱ्या एका नमुन्याचे आकडे १८, २५ आणि ३२ आले असे समजा. सरासरी २५ येते, तीही चांगलीच दिसते. पण थांबा. एकाच पाटीतल्या मालाचे तीन घन इतके वेगळे कसे? नियम असा, की तिघांपैकी कोणताही घन सरासरीपासून १५ टक्क्यांहून अधिक दूर गेला, तर तो नमुनाच ग्राह्य धरायचा नाही. नुसती सरासरी पाहणारा माणूस येथे फसला असता.

वीस म्हणजे नेमके किती?

एम-२० हवे, म्हणून कंत्राटदाराने बरोबर २० न्यूटनांचे काँक्रीट करायचे ठरवले, तर काय होईल? विचार करा. गवंडी तोच, माल तोच, तरी आजचे काँक्रीट उद्यासारखे नसते. वाळू कधी ओली असते, कधी कोरडी. ऊन कमीजास्त असते. सरासरी २० ठेवली, तर साधारण निम्मे नमुने २० च्या खाली जातील. म्हणून भारतीय मानकात एम-२० ची व्याख्या निराळी आहे. शंभरांतले पाचांहून अधिक निकाल २० च्या खाली जाण्याची शक्यता नसावी, असे काँक्रीट म्हणजे एम-२०. त्यासाठी सरासरीचे लक्ष्य २६ ते २७ च्या घरात ठेवावे लागते. ३५ गुणांना उत्तीर्ण होतात, म्हणून ३५ पुरताच अभ्यास करणाऱ्या मुलाचे काय होते, हे तुम्हाला सांगायला नकोच.

न सांगता तुटू नये

सळईची परीक्षा घनाच्या उलट, म्हणजे ओढून. यंत्राचे दोन जबडे सळईची टोके धरतात आणि ओढत राहतात. ५०० प्रतीची १२ मिलिमीटर व्यासाची सळई घेतली, तर तिचे छेदक्षेत्र ११३ चौरस मिलिमीटर. चौरस मिलिमीटरला ५०० न्यूटन, म्हणजे सुमारे ५६,५०० न्यूटन; जवळजवळ पावणेसहा टन. तोवर ती आपला मूळ आकार राखून असते. त्यापुढे ती कायमची लांबू लागते, एका जागी बारीक होते आणि मोठा आवाज करून तुटते.

परीक्षकाचे लक्ष ताकदीइतकेच या लांबण्याकडे असते. या प्रतीची सळई तुटण्यापूर्वी निदान १२ टक्के लांबली पाहिजे, असे मानक सांगते. का? खडू आठवा. तो न सांगता तुटला. तार मात्र आधी वाकते, मग तुटते. चिवट सळयांच्या तुळईवर भार फार झाला, तर ती आधी वाकते, तिला तडे जातात, गिलावा पडू लागतो. घरातल्या माणसांना बाहेर पळायला वेळ मिळतो. भूकंपात तर हा गुण फार मोलाचा. ताकद इमारतीला उभी ठेवते. चिवटपणा, ती पडायचीच झाली, तर आधी सूचना देतो.

शिताने खोटे बोलू नये म्हणून

आता सर्वांत महत्त्वाचे. पातेले ढवळलेच नाही आणि वरवरचे शित उचलले, तर ते शिजलेले असेल आणि तळाचा भात कच्चा राहिला असेल. शित खोटे बोलले नाही, पण आपण फसलो. घनाचेही तसेच आहे. कोणी घनांसाठी वेगळा, सिमेंट जास्त घातलेला माल कालवला, तर घन ४६ काय, ६० टनही पेलतील. यंत्र त्यांचा खरा आकडा अगदी इमानाने सांगेल. फक्त तो आकडा त्या स्लॅबचा नसेल, ज्याखाली माणसे राहणार आहेत.

म्हणून नमुना कसा घ्यायचा, याचेही नियम केलेले आहेत. तो कोठलाही आडाखा न बांधता, चालू कामातून काढायचा. काँक्रीट ५ घनमीटरपर्यंत असेल तर निदान एक नमुना, १५ घनमीटरपर्यंत दोन, ३० घनमीटरपर्यंत तीन, अशी संख्याही ठरलेली आहे. नमुना घेताना देखरेख करणारा अभियंता जागेवर असावा, घनावर खूण त्याच्यादेखत घातली जावी, ही शिस्तही त्याचसाठी.

दुसरी गोष्ट ध्यानात ठेवा. घन टाकीत सुखाने २८ दिवस पाण्यात होता. स्लॅब मात्र उन्हात होता. त्याला पाणी मारलेच नाही, तर एकाच मालाची ही दोन भावंडे पुढे सारखी निघणार नाहीत. घन सांगतो ते मालात काय ताकद होती हे. ती ताकद स्लॅबमध्ये उतरवणे हे पुढच्या कामावर अवलंबून असते.

घन नापास झाले, किंवा त्यांच्यावर विश्वास ठेवावासा वाटला नाही, तर प्रत्यक्ष इमारतीलाच विचारावे लागते. काँक्रीटमध्ये ध्वनीचे अतिसूक्ष्म तरंग सोडून ते पलीकडे किती वेळात पोचतात हे पाहतात. चांगल्या, भरीव काँक्रीटमधून ते सेकंदाला सुमारे ४ किलोमीटर वेगाने जातात. आत पोकळ्या असल्या की वळसा घ्यावा लागून उशीर होतो. तेवढ्याने समाधान झाले नाही, तर गोल पोकळ पात्याने काँक्रीटचा दंडगोल कापून काढतात आणि तोच यंत्रात फोडतात. हे खर्चाचे काम आहे आणि बांधकामाला भोक पडते ते वेगळेच.

आणि परीक्षाच झाली नाही तर? ४ एप्रिल २०१३ रोजी ठाणे जिल्ह्यात मुंब्रा येथे बेकायदा उभी राहत असलेली एक बहुमजली इमारत कोसळली आणि ७४ जण मृत्युमुखी पडले. त्यांत लहान मुलेही होती. परवानगीच नसलेल्या बांधकामाचा आराखडा, माल आणि काम, यांतले काहीच नियमाप्रमाणे तपासणीखाली येत नाही. अशा ठिकाणी इमारतीची पहिली परीक्षा तिच्यात राहायला आलेली माणसेच देतात.

करून पाहा

मोठी यंत्रे तुमच्याजवळ नाहीत, पण दोन परीक्षा तुम्ही शाळेत करू शकाल.

वाळूची परीक्षा: सरळ बाजूंची काचेची उभी बाटली किंवा मोजपात्र घ्या. पाण्यात प्रत्येक पेल्यामागे अर्धा चमचा मीठ विरघळवा. बाटलीत थोडे मीठपाणी, मग निम्म्यापर्यंत वाळू आणि वरून पुन्हा मीठपाणी घाला. झाकण लावून जोराने हलवा आणि तीन तास हलवू नका. खाली वाळू बसेल, तिच्यावर गाळाचा मऊ थर. दोन्ही थरांची जाडी पट्टीने मोजा. गाळाची जाडी भागिले वाळूची जाडी गुणिले १०० म्हणजे गाळाचे शेकडा प्रमाण. बांधकामावरच्या या झटपट परीक्षेत साधारण ८ टक्के ही मर्यादा धरतात. मिठाने मातीचे सूक्ष्म कण एकमेकांना चिकटतात आणि लवकर खाली बसतात. मीठ न घालता दुसरी बाटली करून फरक पाहा.

विटेची परीक्षा: पूर्ण वाळलेली वीट वजन करून २४ तास पाण्यात बुडवून ठेवा. बाहेर काढून ओल्या फडक्याने पुसा आणि पुन्हा वजन करा. वाढलेले वजन मूळ वजनाच्या २० टक्क्यांहून जास्त असेल, तर ही वीट नेहमीच्या कामालाही योग्य मानत नाहीत. एकाच विटेवर निकाल देऊ नका. ढिगाच्या वेगवेगळ्या जागांवरून निदान पाच विटा घ्या. कोणत्या घ्यायच्या हे विटा न बघणाऱ्या मित्राला सांगायला लावा, म्हणजे चांगल्या दिसणाऱ्या विटांकडे तुमचा हात जाणार नाही.

निकाल वहीत लिहिताना आकड्याबरोबर नमुना कोठून, कोणी आणि केव्हा घेतला, हेही लिहा. जुने लोक म्हणतात, घर पाहावे बांधून. ते खरेच आहे. पण बांधण्याआधी त्याचा एक तुकडा मोडून पाहावा, आणि तो तुकडा त्याच घराचा असल्याची खात्री करून घ्यावी.